फाइलवर ‘हिस्टेरिया’ लिहून आलंय? मग ही साइट वाचा: न्यूरोसिम्प्टम्स डॉट ऑर्गचं परीक्षण

कॅज्युअल्टीच्या कागदावर अजूनही ‘एचसीआर’ ही तीन अक्षरं सापडतात. हिस्टेरिकल कन्व्हर्जन रिअ‍ॅक्शन. पेशंटला त्यांचा अर्थ कळत नाही. नातेवाइकांना ‘काही नाही, टेन्शनमुळे आहे, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत’ एवढंच सांगितलं जातं आणि पाय ओढत आलेली मुलगी पाय ओढतच घरी जाते. मग घरात ‘नाटकं करते’ सुरू होतं, नाहीतर शेजारच्या गावातल्या देवऋष्याचा पत्ता कोणीतरी आणून देतं. या दोन्हींच्या मध्ये खरी माहिती मिळायला हवी असते. ती देणारं, वाचायला पैसे न लागणारं आणि डॉक्टरांनीच लिहिलेलं एक संकेतस्थळ आहे: न्यूरोसिम्प्टम्स डॉट ऑर्ग. एडिनबरा इथले न्यूरॉलॉजिस्ट प्रा. जॉन स्टोन यांनी ते २००९मध्ये सुरू केलं. फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर, म्हणजे एफएनडी, हा त्याचा विषय: मेंदू-नसांची बांधणी शाबूत, पण त्यांच्या कामात बिघाड. पूर्वी हिस्टेरिया म्हणत त्यातला मोठा भाग आज या नावाखाली येतो.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. घरात इंग्रजी नीट वाचणारं एक जरी माणूस असेल, तर निदान झाल्यावरच्या पहिल्याच आठवड्यात ही साइट उघडावी. मात्र ती निदान झाल्यानंतर वाचायची आहे. लक्षणं जुळवून घरच्या घरी निदान करायला ती बनवलेलीच नाही. आणि मराठी घरात ती जशीच्या तशी पोचत नाही, मधे कोणीतरी बसून समजावून सांगावं लागतं. त्याची कारणं पुढे येतीलच.

जुना शब्द का टाकला हे कळलं नाही, तर साइटवरची नवी नावं म्हणजे नुसता मुलामा वाटतो. ‘हिस्टेरा’ म्हणजे ग्रीक भाषेत गर्भाशय. प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्रॅटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत गर्भाशयामुळे होणाऱ्या घुसमटीची वर्णनं आहेत. हिस्टेरिया हे आजाराचं नाव मात्र पुष्कळ नंतरचं. बायकांचा, गर्भाशयाचा आजार हा शिक्का तिथूनच बसला. तो चुकीचा आहे हे सांगणारेही फार पूर्वीपासून होते. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या डॉक्टरांपैकी थॉमस विलिसने बिघाड मेंदूत आहे असं म्हटलं, तर थॉमस सिडनहॅमने असा त्रास पुरुषांनाही होतो असं नोंदवलं. १८५९मध्ये पॅरिसच्या पिएर ब्रिके यांनी ४३० रुग्ण तपासून मोठा ग्रंथ लिहिला. पुढे त्याच शहरातल्या साल्पेत्रिएर रुग्णालयात न्यूरॉलॉजिस्ट शार्को यांनी झटके येणाऱ्या स्त्रियांवर भरलेल्या वर्गात व्याख्यानं दिली, तिथे फोटो काढले गेले, आणि कमानीसारखी वाकलेली बाई हेच हिस्टेरियाचं चित्र जगाच्या डोक्यात बसलं. अपघातानंतर हात किंवा पाय लुळा पडलेल्या कामगार पुरुषांचीही वर्णनं शार्को यांनी लिहून ठेवली आहेत. ती कोणी लक्षात ठेवली नाहीत.

१८८५-८६च्या हिवाळ्यात मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड शार्को यांच्याकडे शिकायला होते. १८९५मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी डॉक्टर ब्रॉयर यांनी मांडलेला विचार पुढची शंभर वर्षं टिकला: मनात दडपलेला आघात शरीराच्या लक्षणात रूपांतरित होतो. ‘कन्व्हर्जन’ शब्द त्यातलाच. आपल्याकडे पेशंटला अजून ‘सासरी त्रास आहे का, लग्नाचं टेन्शन आहे का, परीक्षेत नापास झालीस का’ असं खोदून विचारलं जातं, त्याची मुळं इथे आहेत. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणातून १९८०मध्ये हिस्टेरिया हे निदान काढून टाकलं गेलं. त्याहून मोठा बदल २०१३चा. तेव्हापासून मानसिक आघात सापडलाच पाहिजे ही अट गेली आणि तपासणीत ठोस खुणा दिसणं गरजेचं झालं. २०२२च्या सुधारित आवृत्तीत फंक्शनल हे नाव पुढे आलं आणि कन्व्हर्जन कंसात गेलं. त्याच वर्षीच्या १ जानेवारीपासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-११मध्ये, ‘डिसोसिएटिव्ह न्यूरॉलॉजिकल सिम्प्टम डिसऑर्डर’ असं नाव आहे. फाइलवर यांपैकी कोणतंही नाव असलं तरी आजार तोच, हे साइट वाचताना लक्षात ठेवावं.

साइटचं सर्वांत मोठं बळ इथेच आहे. ‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणून मानसिक’ हा तर्क ती मुळापासून नाकारते. निदान रिपोर्ट कोरे आले म्हणून होत नाही, तपासणीत काय सापडलं त्यावरून होतं, हे ती पानोपानी सांगते. हाता-पायातली ताकद जाण्याबद्दलच्या पानावर हूवरच्या खुणेची माहिती आहे. चार्ल्स हूवर यांनी १९०८मध्ये ती वर्णन केली. पेशंटला उताणं झोपवून किंवा खुर्चीत बसवून लुळ्या पायाची टाच खाली दाबायला सांगतात. जोर लागत नाही. मग चांगला पाय वर उचलायला सांगून डॉक्टर त्याला वरून विरोध करतात आणि दुसरा हात लुळ्या पायाच्या टाचेखाली किंवा मांडीखाली ठेवतात. एक पाय जोराने उचलला की दुसरा आपोआप खाली दाबला जातो, ही शरीराची जन्मजात सवय आहे. फंक्शनल आजारात लुळा पाय इथे पूर्ण ताकदीने दाबला जातो. पक्षाघातात असं होत नाही. म्हणजे मेंदूपासून पायापर्यंतची वाट शाबूत आहे, पण ‘आता दाब’ असं ठरवून हुकूम दिला की तो पोचत नाही.

ही खूण पेशंटला स्वतःला दाखवावी, असं या विषयातले डॉक्टर सांगतात. आमच्या मते उपचाराची सुरुवात याच क्षणी होते. आपला पाय ताकद लावू शकतो, हे माणूस पहिल्यांदा स्वतः अनुभवतो. पण ती ‘पकडली की नाही चोरी’ अशा सुरात दाखवली, तर सगळं फसतं. खुणेलाही मर्यादा आहेत. कंबर किंवा खुबा दुखत असेल, सूचना नीट समजली नसेल, किंवा मेंदूच्या पॅरायटल भागाला इजा होऊन शरीराच्या एका बाजूकडे दुर्लक्ष होत असेल, तर ती फसवी येऊ शकते. म्हणून घरी करून बघू नये.

कंपाच्या पानावरही असंच एक तंत्र आहे. कापत नसलेल्या हाताने तर्जनी-अंगठा ठरावीक ठेक्यात टेकवायला सांगतात. फंक्शनल कंप असेल तर कापणारा हात तोच ठेका धरतो, किंवा क्षणभर थांबतो, किंवा चांगल्या हातालाच तो ठेका जमत नाही. पार्किन्सनचा कंप आपल्याच गतीने चालू राहतो.

बिघाड समजावताना साइट संगणकाचं उदाहरण देते: हार्डवेअर ठीक, सॉफ्टवेअरमध्ये गडबड. शहरी तरुणाला हे चटकन कळतं, पण आजीला कळत नाही. शिवाय सॉफ्टवेअर म्हणजे मन, म्हणजे पुन्हा मानसिकच, असा अर्थ लोक लावतात. मराठीत सांगायचं तर तंबोरा चांगला: भोपळा फुटलेला नाही, तारा तुटलेल्या नाहीत, पण जवारी, म्हणजे तारांचा नाद खुलवणारी घोडीवरची जुळणी, बिघडली आहे. फोटो काढून ते दिसणार नाही, वाजवल्यावर कळेल. आणि जवारी परत लावता येते, पण त्यासाठी बसावं लागतं. एमआरआय नॉर्मल का आला, हे यातून बहुतेकांना समजतं.

भाषेची अडचण मात्र खरी आहे. इंग्रजी पान ब्राउझरकडून मराठीत करून घेतलं, तर गफलती होण्याचा धोका मोठा. ‘सीझर’ म्हणजे इथे झटका, पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ जप्ती. ‘वीकनेस’ला कोशात ‘अशक्तपणा’ मिळतो, आणि मराठी माणसाला अशक्तपणा म्हटलं की सलाइन, टॉनिक, हिमोग्लोबिन आठवतं. इथे म्हणायचं असतं ते एका हाताची किंवा पायाची ताकद जाणं. ‘फंक्शनल’चं ‘कार्यात्मक’ केलं तर काहीच बोध होत नाही. ‘काम करण्यात बिघाड, बांधणीत नाही’ असं मोकळं सांगावं. ‘डिसोसिएशन’ला आम्ही ‘भान तुटणं’ म्हणू. आजूबाजूचं दूर, धुकट, खोटं वाटणं, आपण आपल्यातच नाही असं वाटणं.

यातला सर्वांत घातक शब्द ‘उन्माद’. मराठीत हिस्टेरियाला बरेचदा उन्माद म्हटलं जातं. पण आयुर्वेदात उन्माद म्हणजे वेडेपणाचे अनेक प्रकार, आजच्या मानसोपचारात मराठी लिहिणारे मेनियाला उन्माद म्हणतात, आणि वर्तमानपत्रांत युद्धाचा, विजयाचा, गर्दीचा उन्माद असतो. पायातली ताकद गेलेल्या, पण विचार स्वच्छ असलेल्या मुलीच्या आजाराला हा शब्द लावला की तिला वेडी ठरवलं, एवढंच घरात पोचतं. ‘हिस्टेरिक होऊ नकोस’ हा बोलण्यातला वापरही तसाच. तो बहुतेक वेळा बाईलाच ऐकवला जातो, आणि तिचं म्हणणं ऐकून घ्यायची गरज नाही असा त्याचा अर्थ असतो. इंग्रजीत ‘हिस्टेरिकल’ पोट धरून हसवणाऱ्या विनोदालाही म्हणतात. म्हणून शोधतानाही हिस्टेरिया हा शब्द टाकू नये, एफएनडी टाकावं. नाहीतर गाणी, सिनेमे आणि व्हिक्टोरियन डॉक्टर हिस्टेरियासाठी कंपनयंत्रं वापरत ही सनसनाटी कहाणी समोर येते. १९९९च्या एका पुस्तकामुळे ती पसरली. २०१८मध्ये दोन अभ्यासकांनी त्या पुस्तकातले आधार तपासले, तेव्हा दाव्याला पुरावा सापडला नाही.

साइटवरचं झटक्यांबद्दलचं पान घरच्यांनी सगळ्यात आधी वाचावं. इथे चुकलं तर जिवावर बेतू शकतं. फंक्शनल किंवा डिसोसिएटिव्ह झटक्यात डोळे बहुधा मिटलेले असतात, उघडू गेलं तर पापण्या घट्ट होतात, झटका दोन मिनिटांहून जास्त लांबतो, हालचाल कमी होते आणि पुन्हा वाढते, मान या बाजूहून त्या बाजूला हलते, कधी मधेच रडू येतं. अपस्माराच्या, म्हणजे मिरगीच्या, मोठ्या झटक्यात डोळे सहसा उघडे असतात, झटका बहुतेक वेळा दोन मिनिटांच्या आत थांबतो आणि जीभ कडेला चावली जाते. यांतली कोणतीही एक खूण पुरेशी नाही. कपड्यात लघवी होणं आणि पडून लागणं दोन्हींत घडतं, म्हणून ‘पडताना लागलं नाही, म्हणजे नाटक’ ही घरगुती परीक्षा साफ चुकीची. काही जणांना दोन्ही प्रकारचे झटके येतात. पक्कं निदान व्हिडिओ-ईईजीवर (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद आणि सोबत चित्रण) होतं, तेही झटका चालू असतानाची नोंद मिळाली तर. दोन झटक्यांच्या मधे काढलेला अर्ध्या तासाचा ईईजी नॉर्मल आला म्हणून अपस्मार नाही असं ठरत नाही.

व्हिडिओ-ईईजी जवळपास नसेल, तर मोबाइलवर काढलेला व्हिडिओ डॉक्टरांच्या फार कामाला येतो. त्यात चेहरा आणि डोळे स्पष्ट दिसावेत, मग हातपाय यावेत, आणि झटका पूर्ण थांबून माणूस बोलायला लागेपर्यंत चित्रण चालू ठेवावं. बहुतेक घरांत शेवटची दोन मिनिटंच राहून जातात, आणि डॉक्टरांना नेमकी तीच हवी असतात. झटक्यात कांदा किंवा चप्पल हुंगवणं, दातखिळी काढायला चमचा घालणं, चार जणांनी हातपाय दाबून धरणं, यातलं काहीही करू नये. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला कराव्यात, चष्मा काढावा, कुशीवर वळवावं, शांत आवाजात ‘तू सुरक्षित आहेस, थांबेल हे’ एवढं म्हणावं. निदान झालेलं नसेल आणि झटका पाच मिनिटांपुढे गेला, तर १०८ला फोन. निदान फंक्शनल झटक्यांचं झालं असेल, तर डॉक्टरांनी ते एका कागदावर लिहून द्यावं आणि तो कागद पाकिटात असावा. कारण अशा पेशंटला कॅज्युअल्टीत झटके थांबवणारी इंजेक्शनं एकामागून एक दिली जातात, झटका थांबत नाही, श्वास मात्र मंदावतो आणि माणूस व्हेंटिलेटरवर जातो. फिटच्या गोळ्यांचा या झटक्यांवर उपयोग नसतो. तरी त्या मनानेच बंद करू नयेत, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

‘निदान चुकलं असेल तर?’ ही भीती प्रत्येकाला असते, आणि तिला इतिहास आहे. १९६५मध्ये एलियट स्लेटर यांनी लंडनमधल्या हिस्टेरियाच्या जुन्या रुग्णांचा मागोवा घेऊन दाखवलं की अनेकांना नंतर दुसरेच आजार निघाले. त्या लेखाचा धाक पिढ्यान्‌पिढ्या राहिला. स्टोन आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये जगभरचे असे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा १९७०नंतर चुकीचं प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवर आलेलं दिसलं. न्यूरॉलॉजीतल्या इतर कित्येक निदानांइतकंच हे आहे. नवं लक्षण आलं तर पुन्हा तपासून घ्यावं, पण दर महिन्याला नवा एमआरआय काढत फिरू नये.

उपचारांचा भाग साइटवर चांगला आहे, पण तो ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला धरून लिहिलेला आहे. आपल्याकडे फिजिओथेरपी म्हणजे बरेचदा मशीन लावणं, शेक देणं, मालिश. एफएनडीत पडून घेतलेल्या अशा उपचारांनी फारसं साधत नाही. इथे लक्ष हलवून हालचाल परत मिळवायची असते: उलटं चालणं, आडवं चालणं, गाण्याच्या ठेक्यावर पावलं टाकणं, आरशात बघत वजन या पायावरून त्या पायावर घेणं. ‘उजवा पाय उचल’ म्हटलं की तो अडकतो, आणि ‘तो चेंडू ढकल’ म्हटलं की सुटतो. वॉकर, काठी, स्प्लिंट लवकर देऊ नयेत, कारण शरीर त्याच चालीला सरावतं. वाकड्या झालेल्या मुठीला प्लास्टर घातल्याने ती आणखी घट्ट झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. फिजिओथेरपिस्टना हे ठाऊक नसेल तर साइटवरचं माहितीपत्रक छापून न्यावं, बहुतेक जण आनंदाने वाचतात.

अपेक्षा मात्र नेमकी ठेवावी. झटक्यांसाठी खास बनवलेल्या सीबीटीची (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी बोलण्यातून होणारी उपचारपद्धत) ब्रिटनमधली ३६८ रुग्णांवरची चाचणी २०२०मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षाअखेरीस झटक्यांच्या संख्येत ठोस फरक पडला नाही, पण रोजचं जगणं आणि मनाची अवस्था सुधारली. हालचालींच्या त्रासासाठी खास फिजिओथेरपीची ३५५ जणांवरची चाचणी २०२४मध्ये आली. मुख्य मोजमापात फरक दिसला नाही, तरी ‘आम्हाला बरं वाटतंय’ म्हणणारे खास उपचारांच्या गटात जास्त होते. हमखास बरं करतो म्हणणाऱ्यापासून दूर राहावं.

साइट जिथे आपल्याला एकटं सोडते ती जागा म्हणजे अंगात येणं. जत्रेत, आरतीला, ठरल्या वेळी अंगात येणं आणि नंतर माणूस आपल्या कामाला लागणं हा आजार नाही. आयसीडी-११सुद्धा समाजात रूढ असलेल्या अशा गोष्टींना आजारातून वगळतं. मनाविरुद्ध, वारंवार, कामधंदा-शाळा बंद पाडत येत असेल, तर डॉक्टर लागतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

सामूहिक प्रकारांसाठीही ही साइट नाही, ती एकेका पेशंटसाठी आहे. टांगानिकातल्या (आजचा टांझानिया) काशाशा गावच्या मुलींच्या शाळेत १९६२मध्ये हसू-रडू पसरून शाळा बंद करावी लागली, किंवा २०१७मध्ये उत्तर भारतात वेण्या कापल्या जाण्याची भीती पसरली, तसं काही एखाद्या शाळेत घडलं तर क्रम वेगळा. आधी पाणी, जेवण, गॅस तपासायचा. ते निर्धोक निघालं की आजारी मुलींना इतरांपासून वेगळ्या, शांत खोल्यांत ठेवायचं आणि कॅमेरे फाटकाबाहेर. पालकांना ‘मास हिस्टेरिया’ म्हणू नये, ‘मुलींना झालेला त्रास खरा आहे, विषबाधा नाही, बहुतेक जणी लवकर बऱ्या होतील’ असं सांगावं.

साइट वापरताना एक पथ्य. लक्षणांची यादी लांबलचक आहे, चक्कर, दृष्टी, बोलणं, गिळणं, विसरणं, सगळंच तिथे आहे. पेशंटने ती एका बैठकीत वाचू नये. घाबरलेलं मन शरीराकडे टक लावून बसतं आणि हा आजार नेमक्या त्याच लक्षावर वाढतो. आपल्या लक्षणाचं एक पान, मग कारणांचं, मग उपचारांचं, एवढं पहिल्या आठवड्याला पुरे. वाचणाऱ्याने शेजारी बसून मराठीत सांगावं, आणि ज्या वाक्याला पेशंट ‘हो, असंच होतं’ म्हणेल ते वहीत लिहून पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावं. जीव नकोसा वाटतोय असं पेशंट म्हणाला, तर साइट बंद करून १४४१६ लावावा. ही सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा चोवीस तास, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.